रबरी स्प्रे दिलेल्या अलॉय चाकांच्या कडा वारंवार सुटतात तेव्हा

चंदेरी अलॉय चाकांना घरीच काळा रबरी स्प्रे मारला, पंधरा दिवस गाडी नव्यासारखी दिसली आणि तिसऱ्या-चौथ्या धुण्यानंतर एका चाकाच्या कडेला नखाएवढा पापुद्रा उभा राहिला, अशी ही तक्रार असते. तो पापुद्रा बोटाने दाबून बसवला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उठतो, त्याखाली पाणी आणि माती शिरते, आणि महिन्याभरात अर्ध्या आऱ्यावरचे आवरण सुटून लोंबू लागते. मग चाक सोलले जाते, नवा कॅन आणला जातो, तसाच मारला जातो आणि तसाच सुटतो. पुण्यात माझ्या गाडीच्या १५ इंची चाकांवर हे चक्र दोनदा फिरले. तिसऱ्यांदा केलेल्या कामाने दोन पावसाळे पाहिले आहेत. कॅन तिन्ही वेळा एकाच प्रकारचे होते, त्यामुळे दोष मालात शोधण्याचा मोह मला फार काळ बाळगता आला नाही.

हा स्प्रे रंगासारखाच कॅनमधून येत असला तरी तो रंग नव्हे, हे आधी लक्षात घेतले म्हणजे पुढचे बरेचसे उलगडते. या जातीच्या स्प्रेला सरसकट ज्याच्या नावाने ओळखले जाते ते प्लास्टी डिप, हे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या कंपनीचे उत्पादन, हत्यारांच्या मुठी बुडवून त्यांना रबरी आवरण देण्यासाठी प्रसिद्ध झाले; नावातला ‘डिप’ तिथला आहे. त्यात कृत्रिम रबर द्रावकात विरघळवलेले असते आणि द्रावक उडून गेला की मागे रबराचा अखंड पडदा उरतो. साधा रंग पृष्ठभागाला घट्ट धरून बसतो, म्हणून त्याचा टवका उडाला तर तो टवक्याएवढाच राहतो. हा पडदा मात्र चाकाला केवळ कवटाळून असतो. त्याची स्वतःशी असलेली पकड चाकाशी असलेल्या पकडीपेक्षा जास्त असल्यामुळे तो हवा तेव्हा सोलता येतो, आणि त्याच कारणाने एके ठिकाणी कड उचलली गेली की पाण्याचा प्रत्येक फवारा ती पुढे ओढत नेतो. म्हणून पडदा मध्यभागी किती चिकटला आहे हे तपासत बसण्यापेक्षा त्याची मोकळी कड कुठे संपते, तिथे तो किती जाड आहे आणि तिला कोणकोण डिवचते, एवढे पाहावे.

यात एक नैसर्गिक अडचण आहे. कोणताही ओला थर टोकदार कडेवर टिकत नाही; पृष्ठताणामुळे तो कडेपासून मागे सरकतो. आऱ्याचा सपाट दर्शनी भाग चांगला जाड, काळाभोर दिसत असतो आणि त्याच्या काठावर मात्र त्याच्या निम्माही थर नसतो. डोळ्यांना हे कळत नाही, कारण मॅट काळा रंग पातळ असला तरी काळाच दिसतो. ज्या जागी पडदा सर्वांत मजबूत हवा, त्याच जागी तो सर्वांत अशक्त राहतो.

सुटण्याची जागा कारण सांगते

सोलण्यापूर्वी चाक नीट पाहावे. रिमच्या बाहेरच्या ओठाला, म्हणजे टायरला लागून असलेल्या गोल कडेला आवरण सुटले असेल, तर बहुधा दोष मास्किंगचा, म्हणजे स्प्रे नको ती जागा झाकण्याच्या पद्धतीचा असतो. पहिल्या वेळी मी टायरवर चिकटपट्टी अगदी रिमपर्यंत लावली होती. त्यामुळे पडदा बरोबर ओठाच्या धारेवर संपला, आणि पूर्ण सुकल्यावर पट्टी ओढताना तो पट्टीबरोबर थोडा उचललाही गेला. त्याऐवजी टायर आणि रिम यांच्या फटीत पत्त्यांच्या कॅटमधील पत्ते एकमेकांवर थोडे चढवून खोचत जावेत. १५ इंची चाकाला साधारण तीस पत्ते लागतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्याही तितक्याच चांगल्या चालतात, आणि त्या कोणत्याही मराठी घरात कमी पडत नाहीत. पत्ते टायरला मागे रेटतात, स्प्रे फटीत खोलवर जातो आणि पडद्याची कड ओठाच्या धारेवर न संपता टायरच्या आड लपते. टायरवर चुकून उडालेला स्प्रे सुकल्यावर अंगठ्याने चोळून निघतो, त्याची काळजी करू नये.

ओठाच्या कडेवर ठरावीक एक-दोन ठिकाणीच, बोटभर लांबीचा तुकडा सुटला असेल, तर स्प्रेकडे न पाहता बॅलन्सिंगकडे, म्हणजे चाक समतोल फिरावे म्हणून रिमवर लावलेल्या लहान वजनांकडे पाहावे. रिमच्या कडेला ठोकून बसवायची क्लिपची वजने पडदा कापतात, आणि पुढच्या खेपेस ती काढून दुसरीकडे ठोकली की उघडी जखम मागे राहते. आतल्या बाजूला चिकटवायची वजने असतात, त्यांचा उलटा त्रास आहे. ती रबरी पडद्यावर चिकटवली तर वजन पडद्याला धरून राहते, पण पडदा वजनाला धरून ठेवू शकत नाही, आणि एके दिवशी ९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. म्हणून टायर बदलणे, पंक्चर काढणे, बॅलन्सिंग हे सर्व स्प्रे मारण्यापूर्वी उरकावे, वजने चिकटवण्याच्या प्रकारची घ्यावीत आणि रिमचा आतला नळकांड्यासारखा भाग स्प्रेपासून कोराच ठेवावा. माझ्या दुसऱ्या प्रयत्नातील चारपैकी दोन चाके याच कारणाने गेली, आणि मी ते दोन महिने ओळखले नाही.

नटांच्या भोकांभोवती सुटत असेल, तर तिथे पान्ह्याचा सॉकेट घासतो. सॉकेटवर बाहेरून चिकटपट्टीचे दोन वेढे घेतले की घासणे कमी होते. परंतु येथे दिसण्यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे. नट ज्या शंकूच्या आकाराच्या खाचेत बसतो ती खाच, आणि चाकाची मागची सपाट बाजू जी हबवर टेकते ती, या दोन्ही जागी स्प्रेचा एक थेंबही असू नये. तेथे रबराचा थर राहिला तर नट आवळताना तो घट्ट लागल्यासारखा वाटतो, चालवताना तो थर दबतो आणि नट सैल पडतो. भोकांत कागदाच्या घट्ट गुंडाळ्या खाच झाकली जाईल अशा बसवाव्यात, आणि चाक लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने पुन्हा तपासावेत. ज्यांनी या लेखातले बाकी काही पाळायचे नाही असे ठरवले असेल त्यांनी निदान हे पाळावे.

चाकाच्या दर्शनी भागावरच चकत्याचकत्यांनी सुटत असेल, तर खाली घाण राहिली आहे. विशेषतः पुढची दोन चाके सुटतात आणि मागची शाबूत राहतात, असे दिसले तर शंकाच नको. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ब्रेकचा अधिक भार पुढच्या चाकांवर येतो आणि डिस्क उघडी असल्याने तिची झीज थेट चाकावर उडते. ती धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात पॅडची भुकटी आणि बिडाच्या डिस्कचे बारीक लोखंडी कण असतात, जे चाकाच्या लॅकरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक संरक्षक थरात रुततात आणि गंजून नारिंगी ठिपके होतात. साबणाच्या पाण्याने चाक चकचकीत दिसू लागते, तरी आऱ्यांच्या मागच्या कोपऱ्यात पांढरा कपडा फिरवला की तो काळा होतो.

तीन थर, तीन निराळे उपाय

चाकावर ब्रेकची धूळ, डांबर आणि टायर पॉलिश अशी तीन प्रकारची घाण असते आणि एकाच द्रावणाने तिन्ही जात नाहीत. भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धूळ काढावी. रुतलेल्या लोखंडी कणांसाठी लोह विरघळवणारे व्हील क्लीनर मिळतात, ते कणांवर पडले की जांभळे होतात, त्यामुळे घाण कुठे आहे हेही कळते. डांबराचे ठिपके रॉकेलने किंवा डिझेलने निघतात, पण दोन्ही मागे तेलकट थर ठेवून जातात, आणि तेलावर रबर बसत नाही. डांबर काढल्यावर पुन्हा साबणाने धुणे आवश्यक आहे. तिसरी घाण सर्वांत फसवी आहे. वॉशिंग सेंटरवर टायर काळे चमकावे म्हणून जे पॉलिश फासतात त्यात सिलिकॉन असते, चाक फिरले की ते रिमच्या ओठावर उडते, दिसत नाही, साबणाला दाद देत नाही, आणि त्यावर स्प्रे मारला की थर बारीक खड्ड्यांसारखा मागे सरकतो. रंगकाम करणारे याला मासोळीचे डोळे म्हणतात. काम करण्याच्या निदान महिनाभर आधी टायर पॉलिश बंद करावे, आणि शेवटी संपूर्ण चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसावे, प्रत्येक वेळी नवा कपडा घेऊन. रंगाच्या दुकानातला साधा थिनर येथे वापरू नये. तो मूळच्या लॅकरवर डाग पाडू शकतो.

लॅकरच खराब असेल, म्हणजे त्याखाली पांढऱ्या अळीसारख्या रेषा पसरल्या असतील किंवा आधी कोणी स्वस्तात चाके रंगवून घेतली असतील, तर रबरी आवरण हा उपाय नव्हे. सोलताना ते जुना रंगही घेऊन निघेल. लोखंडी चाकावर गंज असेल तरी तेच.

हवामानाचा वाटा

जुलैत कोकणात आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपुराकडे हे काम बिघडते, पण बिघडण्याची तऱ्हा निराळी असते. दमट हवेत द्रावक भराभर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग थंड पडतो आणि त्यावर हवेतील बाष्प दवासारखे जमते. काळ्या थरावर राखाडी-पांढरी झाक येते आणि दोन थरांच्या मध्ये ओल अडकून राहते. कडक उन्हाळ्यात याच्या उलट घडते. थेंब चाकापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत सुकतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात आणि हाताला वाळूच्या कागदासारखा खरखरीत थर लागतो. तो थर दिसायला पूर्ण असतो, पण त्याचे कण एकमेकांत मिसळलेले नसतात, त्यामुळे सोलताना त्याचा चुरा होतो. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटला, सकाळी दव उडून गेल्यावर. चाक उन्हात तापलेले असेल तर ते सावलीत हाताला गार लागेपर्यंत थांबावे; तापलेल्या चाकावर वरचा थर आधी सुकतो, आतला द्रावक बाहेर पडायला धडपडतो आणि फुगे येतात. घाईने जाड थर मारला तरी फुग्यांचे कारण हेच असते.

मारण्याचा क्रम

चाक गाडीवर ठेवून काम करता येते, असे सांगणारे बरेच आहेत. तसे करता येते, पण आऱ्यांच्या मागे स्प्रे पोहोचत नाही आणि पडद्याची कड दर्शनी भागावरच मोकळी राहते. शिवाय डिस्क झाकावी लागते. मी चाक काढूनच करावे या मताचा आहे. एका दिवशी एक चाक घ्यावे आणि त्याच्या जागी स्टेपनी लावावी. जॅकवर उचललेली गाडी तशीच सोडू नये. अनेक गाड्यांत स्टेपनी मूळ चाकांपेक्षा लहान असते आणि तिच्यावर ८० किलोमीटरची वेगमर्यादा छापलेली असते, म्हणून त्या चार दिवसांत लांबचा प्रवास ठरवू नये.

कॅन एक मिनिटभर पूर्ण हलवावा. आतल्या गोळीचा आवाज सुरू झाल्यानंतरचा एक मिनिट. १५ ते २० सेंटीमीटर अंतर ठेवून हात सतत फिरता ठेवावा. पहिला हात इतका हलका असावा की खालची चांदी अर्धीअधिक दिसत राहील. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या हातात समोरचा भाग विसरून जावे आणि आधी आऱ्यांच्या बाजू, मग मागची धार, मग ओठ असे घ्यावे, कारण समोरच्या भागावर उडून येणारा स्प्रे त्याला पुरेसा होतो. चौथ्यापासून समोरचा भाग ओलसर चमकेल इतपत मारावा, ओघळ येऊ देऊ नये. असे पाच ते सहा हात, प्रत्येकात निदान २० ते ३० मिनिटांचे अंतर ठेवून. एका १५-१६ इंची चाकाला साधारण एक पूर्ण कॅन संपतो. दोन कॅनमध्ये चार चाके उरकली असतील तर आवरण सुटण्याचे कारण शोधायला फार दूर जायला नको. शेवटचा हात ओला असतानाच पत्ते आणि भोकांतल्या गुंडाळ्या काढून घ्याव्यात, म्हणजे पडदा फाटत नाही, आणि चाक रात्रभर सोडून सकाळी लावावे.

जाडी पुरेशी झाली की नाही, हे चाकावर कळत नाही. यासाठी मी चाकाशेजारी चकचकीत फरशीचा एक तुकडा ठेवतो आणि चाकावर जितके हात पडतील तितकेच त्यावरही मारतो. दुसऱ्या दिवशी फरशीवरचा थर कोपऱ्यातून उचलून ओढावा. तो एका तुकड्यात, ताणत ताणत निघाला तर चाकही तसेच निघेल. तो फाटत, तुकड्यातुकड्यांनी निघाला, तर चाक लावण्याआधी आणखी दोन हात द्यावेत.

या स्प्रेत टोल्यूनसारखे द्रावक आणि ज्वलनशील वायू असतात. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफा अडवत नाही. द्रावकाच्या वाफेसाठी असलेले कार्ट्रिज लावलेला मास्क हवा. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये, जेथे वर कोणाच्या गॅस गीझरची ज्योत पेटलेली असू शकते, तेथे हे काम करू नये. शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर उडालेले काळे कण ही वेगळीच समस्या आहे आणि तिचे निवारण माझ्याकडे नाही.

आता सुटलेलेच असेल तर

पापुद्रा उचलला असला, तरी खाली कोरडे आणि स्वच्छ असेल, तर सुटलेला भाग धारदार ब्लेडने कापावा, हलक्या हाताने, कारण ब्लेडची रेघ लॅकरवर कायमची उमटते. उघडी जागा अल्कोहोलने पुसून त्यावर तीन-चार हात द्यावेत. नव्या थरातील द्रावक जुन्या रबराला किंचित विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात. अनेक रंगांत ही सोय नाही. जोडाची पायरी जवळून दिसते, पण चार पावलांवरून दिसत नाही. खाली मात्र पाणी आणि माती शिरलेली असेल, तर तेवढ्या भागाची डागडुजी म्हणजे श्रम वाया घालवणे आहे. त्या चाकाचा पूर्ण पडदा काढावा.

काम झाल्यावर निदान आठवडाभर चाके धुऊ नयेत. नंतरही प्रेशर पंपाची नळी हातभर लांब ठेवावी आणि फवारा कडेखाली न शिरता कडेवरून बाहेर जाईल अशा दिशेने धरावा. उत्पादक असे आवरण साधारण ९३ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते असे सांगतात. रोजच्या वापरात चाक तेवढे तापत नाही, पण ताम्हिणी किंवा आंबा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरण्याची सवय असेल तर डिस्कजवळच्या भागाची परीक्षा होते. खालच्या गिअरमध्ये उतरणे चाकांच्या आणि ब्रेकच्याही हिताचे आहे.

आणि पेट्रोल. पेट्रोल हे आवरण विरघळवते. माझ्या तिसऱ्या, म्हणजे यशस्वी कामानंतर तीन महिन्यांनी एका वॉशिंग सेंटरवरच्या मुलाने, मी न सांगता, केवळ चांगुलपणाने, चाकावरचे डांबराचे ठिपके पेट्रोलच्या फडक्याने पुसायला घेतले. डांबर गेले आणि एका आऱ्यावर रडलेल्या डोळ्यांतल्या काजळासारखा फराटा उमटला. तेव्हापासून गाडी धुवायला देताना ‘चाकांना फक्त साबण’ एवढे मी आठवणीने सांगतो. त्या आऱ्यावर तीन हात पुन्हा दिले आणि तो बरा झाला.

शेवटी चाके मूळ रूपात आणायची वेळ येते तेव्हा पातळ पडलेले आवरण सुटता सुटत नाही, ते नखाने खरवडले तर बोटे दुखतात आणि लॅकरवर ओरखडे येतात. येथे उलटी युक्ती करावी लागते. खरवडणे थांबवून, चाक धुऊन कोरडे करून, त्या जुन्या थरावरच दोन-तीन चांगले जाड हात मारावेत, दिवसभर सुकू द्यावे आणि मग आऱ्याच्या मागच्या बाजूने कड पकडून ओढावे. नवा आणि जुना थर एकत्र निघतात. कोपऱ्यांत जे कण उरतात ते डब्ल्यूडी-४० लावून पंधरा मिनिटांनी कापडाने चोळले की सुटतात. त्यानंतर पुन्हा स्प्रे मारायचा असेल, तर तो तेलकटपणा साबणाने आणि अल्कोहोलने पूर्ण काढल्याशिवाय नवा कॅन उघडू नये.